मेसोपोटेमियाच्या आघाडीची रसद आणि मुंबई बंदर, १९१४ ते १९१८

प्रश्न – खाडीकाठ

सातारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या अनेक गावांत अजूनही एक इंग्रजी अक्षरांची संगमरवरी पाटी दिसते. पहिल्या महायुद्धाला या गावातून किती माणसे गेली आणि त्यांतल्या कितींनी प्राण दिले, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. त्यांतले बरेच जण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढले. पुण्यात मुख्यालय असलेल्या सहाव्या डिव्हिजनमधल्या १०३ व्या आणि ११० व्या मराठा पलटणी तैग्रिस नदीवरच्या कुत या गावाच्या वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंड यांच्या फौजेसह शरण गेल्या, हा लढायांचा इतिहास मराठीत वाचायला मिळतो. मात्र या माणसांना तिथे रोज खायला कोणी घातले, त्यांची काडतुसे, तंबू, औषधे आणि खेचरांची वैरण कुठून आणि कशी गेली, याविषयी सलग असे काही माझ्या वाचनात आलेले नाही.

या आघाडीचा मुख्य तळ मुंबई होती असे सर्वत्र म्हटले जाते. ते खरे असेल, तर माझ्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला असा, की नकाशावर कराची बसऱ्याला, म्हणजे मेसोपोटेमियाच्या बंदराला, जवळ असताना मुंबईवर एवढा भार का पडला? दुसरा प्रश्न मला अधिक छळतो. त्या काळी आशियातल्या मोठ्या बंदरांत गणले जाणारे शहर पाठीशी असताना कुतमध्ये सैनिक उपाशी का राहिले, आणि बगदादजवळच्या टेसिफॉनच्या लढाईतले जखमी पट्ट्या न बदलता नदीवर दिवसेंदिवस का पडून राहिले? दोष मुंबईचा होता, बसऱ्याचा होता, की आणखी कुणाचा? या विषयाचा अभ्यास असलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.


प्रतिसाद १ – गोदीकर

प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

१६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबईहून एक मोठा ताफा निघाला. त्यात ब्रिगेडियर जनरल डेलामेन यांची १६ वी ब्रिगेड होती आणि तीत ११७ वी मराठा पलटण होती. पूर्व आफ्रिकेतल्या टांगा बंदरावर चालून जाणारी फौजही त्याच ताफ्यात होती. डेलामेन यांची ब्रिगेड २३ ऑक्टोबरला बहरीनला पोहोचली आणि तुर्कस्तान युद्धात उतरेपर्यंत तिथेच जहाजांवर थांबली. ६ नोव्हेंबरला शत्त अल-अरबच्या मुखाशी फाव येथे सैन्य उतरले आणि २२ नोव्हेंबरला बसरा ताब्यात आले. तेलाच्या नळाचे आणि आखाताचे रक्षण एवढ्याच मर्यादित हेतूने हे सैन्य पाठवले होते आणि तेवढ्यासाठी मुंबईची व्यवस्था पुरेशी होती. पुढे हेतू वाढत गेला. जून १९१५ मध्ये अमारा, सप्टेंबरअखेर कुत आणि नोव्हेंबरमध्ये थेट बगदादच्या वेशीजवळचे टेसिफॉन, असे सैन्य वर सरकत राहिले. मागची व्यवस्था मात्र बसरा घेण्यापुरतीच राहिली. माझ्या मते सगळ्या दुर्दशेचे मूळ इथे आहे.

आता मुंबईचे सामर्थ्य पाहू. युद्ध सुरू होण्याच्या काही महिने आधी, मार्च १९१४ मध्ये, व्हाइसरॉय हार्डिंग यांच्या हस्ते अलेक्झांड्रा गोदीचे (आजच्या इंदिरा गोदीचे) उद्घाटन झाले होते. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या जुन्या गोद्या होत्याच. या गोद्यांमध्ये भरती-ओहोटीची पर्वा न करता जहाज धक्क्याला लावून माल चढवता येत असे. ह्यूजेस सुकी गोदीही त्याच वर्षी तयार झाली, त्यामुळे मोठ्या जहाजांच्या तळाची दुरुस्ती इथेच होऊ लागली. १९१५ च्या आरंभी पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे सुरू झाली आणि जीआयपी व बीबीसीआय या दोन्ही रेल्वेंचे मालडबे सरळ गोदीत येऊ लागले. युद्धासाठी हे काहीच बांधले गेले नव्हते, व्यापारासाठी बांधलेले होते. पण युद्धाने ते जवळजवळ आयते उचलले.

कराचीचे उत्तर यातच आहे. पंजाबातला गहू आणि पंजाबातल्या पलटणी कराचीवरून जाणे स्वाभाविक होते आणि त्या तशा गेल्याही. मात्र सैन्याला धान्याखेरीज जे हजार प्रकारचे सामान लागते, त्याच्या रेल्वेवाटा मुंबईकडे वळत होत्या. खडकीच्या कारखान्यातला दारूगोळा, गिरण्यांतले खाकी कापड, कानपूरचे बूट, खोगिरे आणि तंबू ही त्याची ठळक उदाहरणे. शिवाय व्यापारी जहाजाचे लष्करी जहाज करण्याचे काम रॉयल इंडियन मरीन या सरकारी नौसेवेच्या मुंबईतल्या जुन्या गोदीवाड्यात होत असे. हे काम वाटते तेवढे सोपे नव्हते. कापसाच्या गाठी वाहणारे जहाज खेचरांसाठी तयार करायचे म्हणजे डेकवर लाकडी कप्पे बांधायचे, पायाखाली घसरू नये म्हणून पट्ट्या ठोकायच्या, तळाशी हवा खेळती राहील असे पाहायचे, पिण्याच्या पाण्याच्या जादा टाक्या बसवायच्या आणि हिंदू व मुसलमान सैनिकांसाठी वेगवेगळ्या चुली मांडायच्या. हे सुतार, लोहार, खलाशी आणि त्यांचे तांडेल मुंबईत होते. कराचीत तेवढ्या संख्येने नव्हते.

मुंबईपर्यंतचा प्रवासही निर्वेध नव्हता. खडकीहून निघालेली मालगाडी बोरघाटातल्या रिव्हर्सिंग स्टेशनवर थांबत असे, तिथे इंजिन सोडून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडावे लागे आणि मग उरलेला घाट उतरता येत असे. ही अडचण १९२९ पर्यंत दूर झाली नाही. तरीही जहाजे भरण्यात मुंबई कधी फार मागे पडली असे दिसत नाही.

दुसऱ्या टोकाला काय होते? मुंबई ते बसरा हे दीड हजारांहून अधिक सागरी मैलांचे अंतर जहाज साधारण आठवडाभरात तोडत असे. बसऱ्याला मात्र युद्धाच्या पहिल्या दीड वर्षात एकही धड धक्का नव्हता. समुद्रातून नदीत शिरतानाच मुखाशी गाळाचा उंचवटा आडवा येई. तो ओलांडून जहाज वर गेले, की नदीच्या मधोमध नांगर टाकायचे आणि महैला नावाच्या शिडाच्या मोठ्या अरबी होड्यांत माल उतरवायचा. ती होडी किनाऱ्याला लागली, की खजुराच्या बागांतल्या चिखलात गोण्या उतरायच्या, कारण पूर आला की किनारा पाण्याखाली जाई आणि भर टाकल्याशिवाय गोदाम उभे राहत नसे. रस्ते नव्हते. रस्त्यासाठी टाकायला दगडही नव्हता, कारण दक्षिण मेसोपोटेमियाची सगळी जमीन गाळाची आहे. जहाजे रिकामी होण्याची वाट पाहत आठवडेच्या आठवडे नदीत उभी राहत. मुंबईत आणखी माल भरला असता, तर तिथली रांग आणखी लांबली असती, एवढाच फरक पडला असता.

त्यापुढचा टप्पा सर्वांत कठीण होता. बसऱ्याहून बगदाद नदीमार्गाने सुमारे ५०० मैल आहे. रेल्वे नव्हती, म्हणून सगळा भार तैग्रिस नदीवर. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी इतके उतरते, की तीन-साडेतीन फुटांहून अधिक खोल बुडणारी बोट वाळूत रुतते. कुर्ना आणि अमारा यांच्यामधला पट्टा एवढा अरुंद आणि वळणांचा, की दोन्ही बाजूंना बार्जेस (सपाट बुडाच्या मालवाहू होड्या) बांधलेली आगबोट काठांवर आपटत पुढे जाई आणि समोरून येणाऱ्या बोटीला थांबून वाट द्यावी लागे. अशा नदीवर चालणाऱ्या उथळ बोटी आधीच थोड्या होत्या. हिंदुस्थानातल्या आणि ब्रह्मदेशातल्या नद्यांवरून बोटी आणण्याचा प्रयत्न झाला. पण नदीसाठी बांधलेली सपाट बुडाची बोट पावसाळ्यात अरबी समुद्र ओलांडायला निघाली म्हणजे काय होणार, हे कोकणातल्या कोणत्याही तांडेलाने सांगितले असते. अनेक बोटी वाटेतच बुडाल्या.

याचा परिणाम एका प्रसंगात स्पष्ट दिसतो. कुतच्या सुटकेसाठी फ्रान्समधून लाहोर आणि मेरठ डिव्हिजन आणल्या गेल्या. ८ मार्च १९१६ रोजी दुजैला येथे निर्णायक हल्ला झाला आणि फसला. त्या दिवशी हजारो सैनिक तोफांसह बसऱ्यात बसून होते, कारण त्यांना वर नेण्यास बोटी नव्हत्या आणि वर नेले असते तर त्यांना खाऊ घालण्यासही बोटी नव्हत्या. माणसे समुद्र ओलांडून आली, शिधाही आला, आणि दोन्ही नदीच्या तोंडाशी अडकून पडले.


प्रतिसाद २ – विदुला

गोदीकर यांनी वाहतुकीची बाजू उत्तम मांडली आहे. मी शिधा आणि औषधोपचार यांविषयी लिहिते, कारण ‘सैनिक उपाशी राहिले’ या वाक्यात बरेच काही दडून जाते.

हिंदी सैनिकाच्या शिध्यात कणीक, डाळ, तूप, गूळ, मीठ, मिरची, हळद, आले असे जिन्नस असत. हे सगळे गोणीत किंवा डब्यात भरून जहाजाने पाठवता येते आणि उन्हात लगेच नासत नाही, म्हणून पुरवठा खात्याला ते सोयीचे होते. पोट भरत होते. पण ताजी भाजी, फळे, लिंबू यांचा अंश जवळजवळ नव्हता. परिणामी १९१६ च्या उत्तरार्धात, म्हणजे कुत पडल्यानंतर आणि वेढ्याबाहेर असलेल्या सैन्यात, हजारो हिंदी सैनिक स्कर्व्हीने, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने, आजारी पडले. हिरड्या सुजतात, जुन्या जखमा पुन्हा उघडतात, चालता येत नाही. हा आजार भाजीपाल्याने बरा होतो हे त्या वेळीही दीडशे वर्षांपासून माहीत होते, तरीही तो एका आधुनिक सैन्यात पसरला, कारण मुंबईत चढवलेला बटाटा आणि कांदा बसऱ्याच्या उन्हात उभ्या असलेल्या जहाजाच्या तळाशी फार काळ टिकत नाही. डाळ टिकते. म्हणून डाळच पुढे जात राहिली.

कुतच्या वेढ्यात तर एक विलक्षण गोष्ट घडली, आणि वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ती फार बोलकी आहे. वेढा ७ डिसेंबर १९१५ रोजी सुरू झाला आणि जवळजवळ पाच महिने चालला. आत अडकलेले ब्रिटिश सैनिक पांढऱ्या मैद्याचा पाव आणि पुढे घोड्याचे मांस खात होते. त्यांना बेरीबेरी (ब-१ जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार) झाला, पण स्कर्व्हीपासून ते बऱ्याच अंशी बचावले. हिंदी सैनिक कोंड्यासकटची कणीक खात होते, म्हणून त्यांना बेरीबेरी झाला नाही. पण मांस न खाल्ल्याने त्यांच्यात स्कर्व्ही पसरला. एकाच गावात, एकाच वेढ्यात, दोन शिध्यांचे दोन आजार. पुढे ब्रिटिश सैनिकांच्या पावात कणीक मिसळण्याचे उपाय झाले, त्यामागे हाच अनुभव होता.

घोड्याच्या मांसाविषयी हिंदी सैनिकांवर हट्टीपणाचा ठपका ठेवला जातो, तो मला अन्यायाचा वाटतो. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीच्या तारा मागवण्यात आल्या, त्या आल्याही, आणि अखेरच्या आठवड्यांत अनेकांनी मांस खाल्ले. मात्र त्याआधी त्या माणसांपुढे परत गावी गेल्यावर आपल्याला पंक्तीत कोण बसवून घेईल, असा प्रश्न होता. त्यांना असा पेच पडावा अशी वेळ आणणाऱ्यांनी त्यांना हट्टी म्हणावे, हे योग्य नाही.

आणखी एक बाब. वेढ्याच्या आरंभी गावात किती धान्य आहे याचा नीट अंदाज घेतला गेला नव्हता. घरोघर झडती झाली ती जानेवारीच्या उत्तरार्धात, आणि तेव्हा बरेच धान्य सापडले. तोवर अन्न लवकरच संपेल या समजुतीने सुटकेचे सैन्य पुरेशा तयारीशिवाय, पुरेशी औषधे आणि तंबूही सोबत नसताना, घाईने पुढे लोटले गेले होते. सापडलेले धान्य दळायचे कसे हा प्रश्न आला, तेव्हा विमानातून जात्यांचे दगड टाकण्यात आले. एप्रिलमध्ये विमानांनी पीठ आणि इतर शिधाही टाकला. हवाई मार्गाने वेढ्यातल्या सैन्याला रसद पोहोचवण्याचा हा पहिला प्रयत्न मानला जातो. पण त्या काळच्या विमानांनी वाहून नेलेले काही टन एवढ्या माणसांना कुठे पुरणार? २४ एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ ही आगबोट २७० टन शिधा घेऊन वेढा फोडण्यास निघाली आणि तुर्कांच्या हाती पडली. पाच दिवसांनी सुमारे १३,००० माणसे शरण गेली.

जखमींविषयी आपण विचारले आहे. टेसिफॉनच्या लढाईसाठी जेवढे जखमी गृहीत धरले होते, त्याहून कितीतरी अधिक झाले. त्यांना रणांगणावरून नदीपर्यंत नेण्यासाठी रुग्णवाहिका नव्हत्या, स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्या होत्या. मांडीचे हाड मोडलेल्या माणसाला अशा गाडीत घालून नांगरटीसारख्या जमिनीवरून मैलोन्‌मैल नेले, म्हणजे त्याचे काय होत असेल याची कल्पनाच पुरे. तिथून लोखंडी बार्जवर, उघड्यावर, बसऱ्यापर्यंत. ‘मेजिदिये’ ही बोट बसऱ्याला आली तेव्हा ‘व्हरेला’ या रुग्णनौकेवरचे मेजर कार्टर तिच्याकडे पाहत होते. माणसे एकमेकांना खेटून पडलेली, हगवणीने भरलेली, जखमांत अळ्या झालेल्या. त्यांनी जे पाहिले ते लेखी कळवले, तेव्हा वरिष्ठांनी त्यांनाच दमात घेतले. तरीही त्यांनी माघार घेतली नाही, म्हणून पुढे चौकशी झाली. त्यांचे नाव या प्रकरणात आदराने घेतले पाहिजे.

मुंबईत मात्र रुग्णांसाठी जागा होती. आज जे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, त्याची इमारत १९१४ मध्ये तयार झाली होती. संग्रहालय म्हणून उघडण्याऐवजी युद्धकाळात तिचा वापर लष्करी रुग्णालय म्हणून झाला आणि संग्रहालयाचे उद्घाटन १९२२ च्या जानेवारीत झाले. त्या घुमटाखाली खाटा मांडल्या होत्या हे तिथे जाणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल? प्रश्न खाटांचा नव्हताच. रुग्ण खाटेपर्यंत जिवंत पोहोचण्याचा होता.


प्रतिसाद ३ – हिशेबनीस

वरच्या दोन्ही प्रतिसादांतले तपशील मान्य आहेत. गोदीकर यांच्या मांडणीतला सूर मात्र मला पूर्ण पटत नाही. ‘मुंबई सज्ज होती आणि बसरा तोकडे पडले’ असे म्हटले, की दोष भूगोलावर जातो. तैग्रिसचे पाणी उन्हाळ्यात उतरते ही गोष्ट १९१५ मध्ये कुणाला नव्याने कळलेली नव्हती. बोटी हव्यात, रेल्वे हवी, अशा मागण्या सेनापती निक्सन यांच्याकडून १९१५ मध्ये गेल्या होत्या. बसऱ्याहून नसिरियापर्यंतच्या रेल्वेला खर्चाच्या कारणावरून नकार मिळाला. बोटींची मागणी सिमला आणि लंडन यांच्यात फिरत राहिली आणि कामाला लागेपर्यंत कुतचा निकाल लागला. युद्ध चालवायचे, पण शांततेच्या काळातल्या अंदाजपत्रकाच्या शिस्तीत चालवायचे, असा तो कारभार होता. या मोहिमेची चौकशी करणाऱ्या १९१७ च्या मेसोपोटेमिया आयोगाने अर्थसदस्य सर विल्यम मेयर, सरसेनापती ब्यूशँप डफ आणि व्हाइसरॉय हार्डिंग यांच्यावर जे ताशेरे ओढले, ते याच कारणाने. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी जुलै १९१७ मध्ये राजीनामा दिला. म्हणून खाडीकाठ यांच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे, की दोष दोन्ही बंदरांपासून दूर, डोंगरावर बसून फायलींवर शेरे लिहिणाऱ्यांचा होता.

दुसरी गोष्ट, आणि ती मला अधिक सांगावीशी वाटते. शहराने सैन्याला पुरवठा केला असे आपण सहज लिहितो, तेव्हा शहरातल्या माणसांच्या ताटातून काय गेले हेही लिहिले पाहिजे. जहाजे सरकारी कामाला गुंतली म्हणजे व्यापाराला जहाजे उरत नाहीत. मालडबे लष्कराचा माल वाहू लागले म्हणजे धान्याला मालडबे मिळत नाहीत. त्यामुळे युद्धाच्या शेवटच्या दोन वर्षांत मुंबईत धान्य, कापड, घासलेट सगळेच महागले. ज्या गिरण्यांनी खाकी कापड विणले, त्यांना उत्तम नफा झाला. त्यांत काम करणाऱ्याला मात्र स्वतःच्या अंगावरचे धोतर परवडेना. घरांची टंचाई इतकी वाढली, की १९१८ मध्ये सरकारला युद्धकालीन भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. मुंबईतल्या जुन्या भाड्याच्या खोल्यांचा जो गुंता आपण आजपर्यंत पाहतो, त्याचे पहिले सूत या कायद्यात आहे.

मग आला इन्फ्लुएन्झा. जून १९१८ मध्ये मुंबईत ज्यांना प्रथम ही साथ लागल्याची नोंद आहे, ते गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई होते. सैन्याची ने-आण करणारी जहाजे ज्या धक्क्याला लागत होती, तिथूनच रोग शहरात शिरला आणि रेल्वेने देशभर गेला. त्याच वर्षी पाऊस फसला. जानेवारी १९१९ मध्ये एक लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले, त्यामागे ही चार वर्षे होती. मेसोपोटेमियाच्या रसदेचा जमाखर्च मांडताना या रकमा वगळल्या, तर तो हिशेब अपुरा राहील. हिंदुस्थान सरकारने १९१७ मध्ये ब्रिटनला १० कोटी पौंड युद्धखर्चासाठी देऊ केले. तो आकडा पुस्तकांत आहे. परळ-लालबागच्या खोल्यांतून जे गेले, त्याचा आकडा कुणी मांडला नाही.


खाडीकाठ (धागाकर्ता)

तिघांचेही मनापासून आभार. हिशेबनीस यांचा मुद्दा मला पटतो. तरीही एक शंका उरते. मार्च १९१७ मध्ये जनरल मॉड यांनी बगदाद घेतले, तेव्हा माणसेही अधिक होती आणि आघाडीही अधिक दूर होती. असे असूनही त्या वेळी १९१६ सारखी उपासमार झालेली दिसत नाही. मुंबईहून अधिक माल जाऊ लागला म्हणून हे घडले, की आणखी काही बदलले?


प्रतिसाद ४ – गोदीकर

हिशेबनीस यांचा आक्षेप रास्त आहे. नदी दोषी असते असे मला सुचवायचे नव्हते. नदी ठाऊक असून सैन्य पुढे ढकलले गेले, हेच म्हणायचे होते. निर्णय कुणाचे होते हे त्यांनी नेमके सांगितले आहे.

आता नव्या शंकेविषयी. फेब्रुवारी १९१६ मध्ये या आघाडीची लष्करी सूत्रे लंडनच्या युद्ध कार्यालयाकडे गेली आणि त्यानंतर पैसा मोकळा झाला. तो मुख्यतः बसऱ्यावर खर्च झाला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. बसऱ्याच्या वरच्या बाजूला ‘मागील’ नावाच्या ठिकाणी समुद्री जहाजे लागतील असे धक्के बांधले गेले. भर टाकून गोदामे, रस्ते, रुग्णालये उभी राहिली. रंगूनच्या बंदराचा अनुभव असलेले सर जॉर्ज ब्युकॅनन यांना १९१५ च्या अखेरीसच बसऱ्याला पाठवले होते, पण तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांनी त्यांना आरंभी पुरेसे अधिकारच दिले नाहीत. एका कुशल माणसाचे महत्त्वाचे महिने असे वाया गेले, याची मला फार खंत वाटते. नदीवर शेकडो नव्या बोटी आणि बार्जेस आल्या. बसरा ते नसिरिया आणि कुर्ना ते अमारा असे लोहमार्ग झाले आणि पुढे कुतपासून बगदादपर्यंतही रूळ गेले.

हे रूळ कुठून आले हे सांगितले पाहिजे. साकचीच्या (आजच्या जमशेदपूरच्या) टाटा कारखान्यातून नवे रूळ गेले, तसेच हिंदुस्थानातल्या शाखामार्गांवरचे वापरातले रूळ उखडून, इंजिने आणि डब्यांसह जहाजांत भरून पाठवण्यात आले. म्हणजे मुंबई-कराचीच्या गोद्यांतून आता शिध्याच्या गोण्यांबरोबर रेल्वेमार्गच्या रेल्वेमार्ग जात होते. माणसेही गेली, आणि त्यांत बंदूक न धरणारी माणसे प्रचंड संख्येने होती. या आघाडीवर गेलेल्या पाच लाखांहून अधिक हिंदी लोकांपैकी जवळजवळ निम्मे हमाल, खेचरवाले, भिस्ती, स्वयंपाकी, मजूर, खलाशी आणि रुग्णालयातले नोकर होते. मजूर कमी पडले तेव्हा तुरुंगांतले कैदी शिक्षेत सूट देण्याच्या बोलीवर मजूर तुकड्यांत भरती करून नेले. गावोगावच्या पाट्यांवर जी संख्या आहे, तीत हे किती मोजले गेले असतील, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

११ मार्च १९१७ रोजी बगदाद पडले त्याआधी मॉड यांनी काही महिने हल्ला न करता केवळ साठे करण्यात घालवले होते. त्यांच्यावर संथपणाची टीका झाली. मला त्यांचा हा संयम त्या मोहिमेतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो.

मुंबईहून अधिक माल गेला का, तर हो, गेला. पण बदल त्याहून खोल होता. बगदाद आणि फरात (युफ्रेटिस) नदीच्या काठचा सुपीक प्रदेश हाती आल्यावर लष्कराने तिथे कालवे दुरुस्त करवले, बियाणे वाटले, भाजीपाल्याचे मळे लावले आणि १९१८ पर्यंत धान्य, वैरण व भाजी यांचा बराच भाग तिथेच मिळू लागला. विदुला यांनी वर्णन केलेला स्कर्व्ही ओसरला तो यामुळे. मुंबईच्या जहाजांत त्यानंतर गवताच्या गाठी आणि जळाऊ लाकूड कमी झाले आणि त्यांची जागा यंत्रांचे सुटे भाग, औषधे, कापड आणि पुलाचे सामान यांनी घेतली. आठवडाभराच्या सागरी प्रवासात नासणारे काही पाठवावेच लागू नये, ही स्थिती यायला जवळजवळ तीन वर्षे लागली.